खालचे दात

कवळी निघेना. समृद्धीने राघोबाबांचा वरचा ओठ बोटाने उचलून धरला, अंगठ्याने कवळीची कड चाचपली आणि हलकेच खाली ओढून पाहिलं. टाळूतूनच उगवून आल्यासारखी ती घट्ट बसली होती. कोमट पाण्यात बुडवलेला बोळा तिने कडेकडेने फिरवला, बाबांना जरा श्वास घेऊ दिला आणि पुन्हा ओढलं. ओला, चिकट आवाज झाला आणि कवळी हातात आली. तिच्यामागोमाग जो भपकारा आला त्याने टॉर्च धरून उभ्या असलेल्या कलावतीमावशींनी पदर नाकाला लावला.

“टॉर्च इकडे धरा, मावशी.”

टाळू लालभडक झाली होती. मधोमध एक जखम होती आणि तिच्यावर पांढरी साय धरली होती. उजवा गाल म्हणजे अर्धांगाने गेलेली बाजू. तिथे काय अडकलंय ते बाबांना कळतच नसे. समृद्धीने त्या गालात बोट फिरवलं तेव्हा आंबलेला भात निघाला, कोथिंबिरीची काडी निघाली आणि अर्धवट विरघळलेली एक गोळी निघाली. सकाळची असेल किंवा कालचीही. पोटात मात्र ती गेलीच नव्हती.

“बाबा, फार दुखतंय का?”

“बरा,” राघोबाबा म्हणाले.

झटक्यानंतर त्यांच्याकडे एवढा एकच शब्द उरला होता. भूक लागली का, तर बरा. लघवीला जायचं का, तर बरा. त्यांच्या मनातलं जे काही कळायचं ते डाव्या हातावरून. त्या हाताने आत्ता समृद्धीच्या अॅप्रनची कड मुठीत आवळून धरली होती.

खाली मात्र पुढचे सहा दात त्यांचे स्वतःचे होते. पिवळे पडलेले, टोकांना झिजलेले, पण मुळाशी पक्के. समृद्धीने एकेकाला हत्याराच्या मुठीने दाबून पाहिलं. एकही हलला नाही. दातांच्या मागे जमलेलं कीट तिने खरवडून काढलं आणि टाळूला मलम लावलं. बाबांची मूठ हळूहळू सैल झाली.

“चावतेत ते, ताई,” कलावतीमावशी म्हणाल्या आणि त्यांनी आपलं बोट पुढे केलं. नख काळंनिळं पडलं होतं. “तोंडात हात घालूच देत न्हाईत.”

त्या तक्रार करत नव्हत्या. त्या परभणीकडच्या. नवरा गेल्यावर इकडे आल्या आणि या वृद्धाश्रमात लागल्या. कल्याणला खाडीच्या अंगाला एका इमारतीचे दोन मजले घेऊन तो चालवला होता. एका मजल्यावर दोन बायका. अंघोळी, डायपर, कूस बदलणं, भरवणं सगळं त्यांनीच करायचं. यात कुणाचं तोंड कधी धुवायचं, असं त्यांनी विचारलं नाही, पण समृद्धीला ते ऐकू आलं. ती सामान भरत असताना त्या जवळ आल्या आणि वर काही बोलू नका म्हणाल्या. बोललात तर आश्रमाच्या मॅडमना कुणी काही म्हणणार नाही, सगळं माझ्यावर येईल, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

समृद्धी वर्तकनगरच्या डॉक्टर आनंद सबनीसांकडे डेंटल हायजिनिस्ट होती. दात साफ करायचे, हिरड्या तपासायच्या, निगा कशी राखायची ते माणसांना शिकवायचं, हे तिचं काम. आजाराचं नाव घेणं डॉक्टरांचं. तिला कामावर घेतानाच त्यांनी हे नीट सांगितलं होतं. तिने बघायचं, करायचं आणि येऊन त्यांना सांगायचं. पेशंटशी किंवा नातेवाइकांशी बोलायचं ते डॉक्टर बोलतील. समृद्धीला हा नियम कधी जाचला नव्हता. उलट त्याचा आडोसाच वाटायचा. कळव्याच्या घरी परतताना दिवसभरात पाहिलेली तोंडं तिच्या डोक्यात राहत नसत. ती सगळी डॉक्टरांच्या हवाली करून समृद्धी मोकळी व्हायची.

वृद्धाश्रमाचं काम डॉक्टरांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं. त्यांची आई शेवटचं वर्षभर तिथेच होती. ती गेल्यावर महिन्यातून एकदा समृद्धीला तिथे पाठवायचं त्यांनी सुरू केलं, आणि हे काम त्यांनी कुणासमोर मिरवलंही नाही. म्हणून त्या संध्याकाळी समृद्धीने जे पाहिलं ते सगळं त्यांना सांगितलं, तेव्हा यातून काही होईल याची तिला खात्री होती. त्यांनी तिच्यासमोर निशा मॅडमना फोन लावला. निशा मॅडम मूळच्या नर्स, आश्रम त्यांचाच. त्यांनी ऐकून घेतलं, बघते म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात कवळी पुन्हा तशीच घट्ट बसलेली होती.

या खेपेला समृद्धी जास्त वेळ थांबली. बाबांना कसं उठवून बसवायचं, चांगल्या बाजूने कसं जायचं, हात लावण्याआधी बोलायचं कसं, बोटाला कापड गुंडाळून गालाच्या आतून कसं फिरवायचं, हे तिने कलावतीमावशींना करून दाखवलं. मग त्यांच्याकडून करून घेतलं. मावशींचा हात हलका होता. बाबा चावले नाहीत. डोळे मिटून बसून राहिले. मावशींना स्वतःचंच आश्चर्य वाटलं असावं, कारण त्या लाजल्यासारखं हसल्या.

पण त्याच्या पुढच्या महिन्यात त्या समृद्धीच्या नजरेला नजर देईनात. दुसरी बाई गावाला गेली ती परत आलीच नव्हती. सगळा मजला एकट्या मावशींवर होता. टाळूची जखम पसरली होती, आणि तिच्या कडा समृद्धीच्या बोटाला जाड लागल्या. तिने डॉक्टरांना पुन्हा सांगितलं. बाबांच्या मुलाशी मी बोलतो, असं डॉक्टर म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. पण समोर एक पेशंट तोंड उघडून बसला होता, बाहेर आणखी चौघे होते, आणि ते बोलणं राहून गेलं.

त्यानंतरच्या खेपेला समृद्धी खोलीत शिरली तेव्हा कमलेश भोईर वडिलांसमोर स्टुलावर बसला होता. गळ्यात जाड साखळी, मांडीवर स्टीलचा डबा. डब्यात भाजलेले सुके बोंबील होते. आश्रमात मासळी मिळत नसे, म्हणून तो येताना घेऊन येई. छोटे तुकडे करून तो वडिलांना भरवत होता आणि राघोबाबा मान पुढे काढून एकेक तुकडा घेत होते.

“या मॅडम,” तो म्हणाला. “बापसाचे दात बघा. तरणा होता तवा मिठागरावर होता. मीठ घासून घासून केलेत हे. मला आताच तीन सिमेंट भरलेत, याला एक नाय.”

राघोबाबा खालच्या दातांनी बोंबील धरून वरच्या कवळीवर रगडत होते. प्रत्येक घासाला त्यांचा डावा हात स्टुलाची कड धरत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तरी तुकडा संपला की ते पुन्हा तोंड उघडत.

“तिखट लागला वाटते,” कमलेश हसून म्हणाला आणि त्याने वडिलांचे डोळे आपल्या रुमालाने पुसले. “तरी सोडणार नाय. काय बाबा?”

“बरा.”

समृद्धी बॅग उघडायला वाकली होती. तिने बॅगेची चेन पुन्हा लावली.

“ते तिखटाने नाही,” ती म्हणाली. “जरा बाहेर येता?”

बाहेरच्या अरुंद पॅसेजमध्ये तिने त्याला सगळं सांगितलं. कवळी आठवडेच्या आठवडे निघत नाही. टाळूला जखम आहे, ती डॉक्टरांनी स्वतः पाहायला हवी. गोळ्या गालात राहतात. जेवण ठसक्याने छातीत जायची भीती आहे. तिने आजाराचं नाव घेतलं नाही आणि आवाज चढू दिला नाही. फक्त पाहिलं तेवढंच सांगितलं. कमलेश ऐकत होता. डब्याचं झाकण तो पुन्हा पुन्हा लावत होता आणि ते नीट बसत नव्हतं.

“मी दर आठवड्याला येतो,” तो शेवटी म्हणाला. “मला कसं दिसला नाय?”

“तोंडाच्या आत कोण बघतं?”

“बघतो कोण त्याला इथं? करतो कोण?”

“माणसंच कमी आहेत. कुणा एकीवर कसं टाकणार?”

आतल्या खोलीतून कलावतीमावशींचा आवाज येत होता. त्या कुणाला तरी पाणी प्यायची विनवणी करत होत्या. कमलेशने त्या आवाजाकडे मान वळवली. समृद्धीने ते पाहिलं आणि घाईघाईने म्हणाली, “यात तिचा काही दोष नाही.”

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की ती ‘तिचा’ म्हणाली होती, आणि मजल्यावर ‘ती’ एकच होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. कमलेशने आदल्या दिवशीच निशा मॅडमकडे जाऊन आवाज चढवला होता. आम्ही काय फुकट ठेवलाय काय त्याला, असं खाली वॉचमनलाही ऐकू जाईल इतक्या जोरात बोलला होता. संध्याकाळपर्यंत निशा मॅडमनी कलावतीमावशींना काढून टाकलं. डॉक्टर रागावलेले नव्हते, आणि समृद्धीला तेच जड गेलं.

“तू चुकीचं काही बोलली नाहीस,” ते म्हणाले. “पण आधी मला सांगायला हवं होतंस.”

“सांगितलं होतं, सर.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“हो,” ते म्हणाले. “सांगितलं होतंस.”

काही दिवसांनी मावशींचा फोन आला. नाव बघून समृद्धी ओट्यावरचा गॅस बंद करून बाल्कनीत गेली. शिव्या ऐकायच्या तयारीनेच तिने फोन उचलला. मावशींनी ती कशी आहे ते विचारलं. मग दवाखान्यात झाडू-फरशीला बाई लागते का, असं विचारलं. लागत नव्हती. समृद्धीने तसं सांगितलं, विचारून ठेवते म्हणाली आणि माफी मागायला शब्द शोधू लागली. मावशींनी ते होऊ दिलं नाही.

“नव्या बाईला सांगा,” त्या म्हणाल्या, “बाबांना आधी हाक मारायची. न बोलता हात लावला की घाबरतेत ते. मग चावतेत.”

त्यानंतरच्या खेपेला कल्याणला ऊन मी म्हणत होतं. आश्रमाच्या खिडक्यांना ओले पडदे लावले होते. राघोबाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. दाढी केलेली, अंगात धुतलेला सदरा. समृद्धीला बरं वाटलं. तिने लांबूनच हाक मारली. बाबांनी मान वळवली, तिला पाहिलं आणि डावा हात उचलून तोंडावर ठेवला.

जखमेची आठवण असेल, असं तिला वाटलं. ती समोर बसली, थोडं इकडचंतिकडचं बोलली आणि मग हळूच तो हात बाजूला घेतला. त्यांनी विरोध केला नाही. तोंड उघडलं.

तोंड स्वच्छ होतं. वास नव्हता. उजव्या गालात काही नव्हतं. कवळी काढून टाकलेली होती. टाळूची जखम आवळत आली होती आणि नवी कातडी गुलाबी दिसत होती. समृद्धीने टॉर्च खाली नेला. खाली हिरडीच होती फक्त. सपाट, अजून थोडी सुजलेली, टाके काढल्याच्या बारीक खुणा असलेली. तिने हातमोज्यातलं बोट त्या हिरडीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं आणि तिथेच ठेवलं. बाबा चावू शकत नव्हते. त्यांनी फक्त ओठ तिच्या बोटावर मिटले.

“किती छान झालंय ना?” निशा मॅडम मागे येऊन उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच समाधान होतं. “डॉक्टर रविवारी स्वतः आले, जखमेचा तुकडा तपासायला पाठवला, जखम साधीच निघाली. आणि त्याच आठवड्यात हेही करून टाकलं. आता कटकटच नाही. सगळं मिक्सरमधून देतो. आधी एकट्या यांना भरवायला अर्धी दुपार जायची. मुलगाही खूश आहे. तुम्ही बोललात म्हणून झालं, नाहीतर आमच्या लक्षात आलं नसतं.”

दवाखान्यात रोज भेटूनही डॉक्टर यातलं काही बोलले नव्हते. समृद्धी जिन्यात आली आणि तिने त्यांना फोन लावला. त्यांनी लगेच उचलला, जणू वाटच पाहत होते.

“सर, खालचे हलत होते का?”

“नाही.”

ती एक पायरी खाली उतरली.

“आज नव्हते हलत,” डॉक्टर म्हणाले. “पण तिथे जेवढी निगा होते ती बघता वर्षभरात हलले असते. आणि तोवर सगळी घाण छातीत उतरत राहिली असती. न्यूमोनियाने गेले असते ते. पुस्तकातही हेच आहे, तुला माहीत आहे.”

तिला माहीत होतं.

“मुलगा हो म्हणाला. म्हणाला, त्रास नको त्याला. आणि मी बाबांनाही विचारलं, समृद्धी. समोर बसून, समजावून सांगून विचारलं. ते बरा म्हणाले.”

फोनवर दवाखान्यातल्या पंख्याचा आवाज येत राहिला. ते पुन्हा बोलले तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता.

“तिथली माणसं मला वाढवता येत नाहीत. आईच्या वेळीही आली नाहीत. मला जे करता येतं ते मी केलं.”

समृद्धीने कठड्यावर हात टेकवला. लोखंड तापलेलं होतं, तिने हात काढून घेतला. यात खोटं कुठे आहे ते तिला शोधून सापडेना. जखम भरत होती. तोंड स्वच्छ होतं. माणूस जगणार होता.

“निशा मॅडम आणखी काही जणांचं विचारतायत,” डॉक्टर म्हणाले. “आज आहेसच तर बघून घे. ज्यांची निगा होत नाही असं वाटतं ते मला सांग. मग ठरवू.”

पलीकडच्या खोलीत हौसाबाई होत्या. त्या मूळच्या जुन्नरकडच्या, इथे आणून सोडल्यापासून त्यांच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. डोकं ठिकाणावर नसायचं, बोलणं मात्र थांबत नसे. कुणाच्या तरी लग्नातल्या पंगतीचं, वाढणाऱ्यांचं, कमी पडलेल्या जिलेबीचं त्या सांगत होत्या. रमाबाई नावाची नवी बाई त्यांना धरून उभी होती. समृद्धीने आधी हाक मारली, मग तोंड उघडायला सांगितलं. हौसाबाईंनी जिलेबी मध्येच सोडून तोंड उघडलं.

दात जवळजवळ सगळे होते. हिरड्या जांभळ्या पडल्या होत्या, दातांच्या फटींत दिवसांचं अन्न होतं. समृद्धीने हत्यार नुसतं टेकवलं तर रक्त आलं. मागच्या एका दाढेपाशी हिरडी फुगली होती. तिने बोटाने दाबलं तेव्हा हौसाबाईंचं सगळं अंग आखडलं आणि दाढेच्या कडेने पिवळा पू बाहेर आला. ती दाढ डॉक्टरांनी बघायला हवी होती. आजच बघायला हवी होती.

निशा मॅडम दारात आल्या.

“यांचं कसं आहे?” त्यांनी विचारलं. “रमाबाई म्हणतात, या ब्रश करूच देत नाहीत. यांचंही डॉक्टरांना सांगू का?”

हौसाबाई समृद्धीकडे बघत होत्या. तोंड अजून उघडंच होतं, कुणी मिटायला सांगितलं नव्हतं म्हणून. समृद्धीने गॉजची घडी दाढेवर दाबून धरली. ती भिजली. तिने दुसरी घेतली. पहिली डाव्या मुठीत घेऊन तिने मूठ मिटली आणि दाराकडे पाठ राहील अशी जरा सरकून बसली.

“नको,” ती म्हणाली. “यांचं ठीक आहे.”

निशा मॅडम बरं म्हणून पुढच्या खोलीकडे गेल्या. रमाबाईंनी समृद्धीच्या मुठीकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. समृद्धीने हौसाबाईंना तोंड मिटायला सांगितलं, आणि त्या पुन्हा पंगतीचं सांगू लागल्या.